शेवग्याच्या पानांची पावडर: एका चमच्यात नेमकं काय येतं?

शेवग्याच्या पानांची पावडर, म्हणजे बाजारातला 'मोरिंगा', विकताना एक ठरलेली यादी पुढे केली जाते. दुधाच्या १७ पट कॅल्शियम, पालकाच्या २५ पट लोह, केळ्याच्या १५ पट पोटॅशियम, संत्र्याच्या ७ पट क जीवनसत्त्व. यादी वाचून माणूस डबा घेतो, सकाळी पाण्यात चमचाभर पावडर ढवळून पितो आणि आता कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांची गरज संपली असं स्वतःच ठरवून टाकतो. यादीतले बहुतेक आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत, त्यांना मोजणीचा आधार आहे. घोळ आहे तो काय कशाशी ताडून पाहिलं आणि किती वजनाचं, यात. तेवढा उलगडला तर पावडर घ्यावी का, किती घ्यावी आणि कुणी तिच्या वाटेला जाऊ नये, हे ठरवणं सोपं जातं.

शेवगा, शास्त्रीय नाव मोरिंगा ओलिफेरा, हे मूळचं वायव्य भारतातल्या हिमालयाच्या पायथ्याचं झाड. पुढे ते आफ्रिका, आग्नेय आशिया, मध्य अमेरिका असं उष्ण हवेच्या सगळ्या पट्ट्यात पसरलं. ते भराभर वाढतं, कमी पाण्यावर तग धरतं, आणि बाकीचा हिरवा पाला वाळून गेलेला असतो तेव्हाही याला पानं असतात. हा शेवटचा गुण फार मोलाचा ठरला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेनेगलमध्ये 'चर्च वर्ल्ड सर्व्हिस' या संस्थेत काम करणाऱ्या लोवेल फ्युगली यांनी कुपोषित मुलं आणि बाळंतिणींसाठी शेवग्याच्या पाल्याचा उपयोग सुरू केला. त्या कामातून ताज्या पानांचं आणि वाळवलेल्या पावडरीचं पोषणमूल्य सांगणारे तक्ते पुढे आले. 'ट्रीज फॉर लाइफ' या संस्थेने ते सोप्या चित्रांतून जगभर पोचवले. हेतू चांगला होता. जिथे दूधही नाही आणि संत्रंही नाही, तिथे दारात उगवणारं झाड लोकांना खायला सांगायचं होतं. पुढे हीच चित्रं पूरक आहाराच्या डब्यांवर जाऊन बसली, आणि तिथे त्यांचा अर्थ पार बदलला.

शंभर ग्रॅम आणि चमचा

त्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पावडरीत सुमारे २००० मिलिग्रॅम कॅल्शियम, २८ मिलिग्रॅम लोह, २७ ग्रॅम प्रथिनं आणि १३०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम. २००० ला १२० ने भागलं की १७ येतात. म्हणजे '१७ पट' खोटं नाही. पण १०० ग्रॅम पावडर एका दिवसात कुणी खात नाही. चहाच्या चमच्यात सपाट भरली तर ती दोन ते तीन ग्रॅम भरते. अडीच ग्रॅम धरू.

अडीच ग्रॅमात कॅल्शियम ५० मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज हजाराच्या आसपास, म्हणजे एका चमच्यातून पाच टक्के भागली. दोनशे मिलिलिटर दुधात २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढं पावडरीतून मिळवायचं तर बारा ग्रॅम, जवळपास पाच चमचे पावडर घ्यावी लागेल. ज्याने ही कडवट, गवताळ चवीची पावडर पाच चमचे एका दमात घेऊन पाहिली आहे, तो हा बेत दुसऱ्या दिवशी करत नाही. प्रथिनं चमच्यामागे पाऊण ग्रॅमही भरत नाहीत. पोटॅशियम ३३ मिलिग्रॅम, आणि केळ्याच्या १०० ग्रॅम गरात साडेतीनशेहून जास्त, म्हणजे वजनाला वजन धरलं तरी पावडर चौपटीच्या आतच राहते, १५ पट होत नाही.

लोहाचा हिशेब जरा सविस्तर करायला हवा, कारण रक्त वाढावं म्हणून ही पावडर घेणारे पुष्कळ असतात. चमच्यात लोह सुमारे ०.७ मिलिग्रॅम. मासिक पाळी येणाऱ्या वयातल्या स्त्रीची रोजची गरज अमेरिकी मानकांत १८ मिलिग्रॅम धरली आहे, भारतीय मानकांत २९. हा फरक पडतो कारण आहार मुख्यतः धान्य-भाज्यांचा असला की त्यातलं लोह कमी शोषलं जातं, असं भारतीय मानकांत गृहीत धरलेलं आहे. जिथे रक्तक्षय सर्रास आढळतो तिथल्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी सुचवते. ६० मिलिग्रॅम लोह या पावडरीतून मिळवायचं तर रोज दोनशे ग्रॅमहून जास्त पावडर खावी लागेल. हिमोग्लोबिन खरोखर खाली गेलेलं असताना गोळी थांबवून चमचाभर मोरिंगा घेणं म्हणजे उपचार लांबवणं, दुसरं काही नाही.

आता ते 'पालकाच्या २५ पट'. पालकातल्या लोहाचा आकडा तक्त्यागणिक बदलतो. जुन्या भारतीय तक्त्यांत तो १०० ग्रॅमला १.१ मिलिग्रॅमच्या जवळ आहे, अमेरिकी तक्त्यात २.७. पहिला घेतला तर पावडर २५ पट, दुसरा घेतला तर दहा पट. खरी गंमत पुढेच आहे. ताज्या पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तोच पालक वाळवून त्याची पावडर केली तर अमेरिकी आकड्याप्रमाणे १०० ग्रॅममध्ये २९ मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरेल, म्हणजे शेवग्याच्या पावडरीइतकंच! इतका वेळ आपण शेवगा आणि पालक ताडून पाहतोय असं वाटत होतं. प्रत्यक्षात वाळलेलं पान आणि ओलं पान यांची तुलना चालली होती.

क जीवनसत्त्वाची गोष्ट याच्या नेमकी उलटी. तिथे जाहिरात ताज्या पानाचा आकडा सांगते आणि डब्यात पावडर असते. अमेरिकी तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या पानांत क जीवनसत्त्व ५२ मिलिग्रॅम, साधारण संत्र्याएवढंच. सेनेगलच्या तक्त्यात ताज्या पानाचा आकडा याच्या चौपट होता, म्हणून 'सात पट' म्हटलं गेलं. पानाचं वय, माती, हवामान यांनी इतका फरक पडू शकतो, हे मान्य. पण पावडरीत, त्याच सेनेगलच्या तक्त्याप्रमाणे, उरतं फक्त १७ मिलिग्रॅम. पाणी उडाल्यावर बाकी सगळं चौपटीहून जास्त दाट होतं, हे मात्र घटतं, कारण क जीवनसत्त्व उष्णता आणि हवा सोसत नाही. चमचाभर पावडरीत ते अर्धा मिलिग्रॅमही नसतं. ज्याला क जीवनसत्त्व हवंय त्याने ताजं फळ खावं.

आत गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही

पानात किती आहे हा एक प्रश्न, त्यातलं आतड्यातून रक्तात किती उतरतं हा दुसरा. वनस्पतीतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, हे सगळ्याच पालेभाज्यांना लागू आहे. पानातले फायटेट आणि पॉलिफेनॉल हे घटक लोहाला धरून ठेवतात. इथे एक मजेशीर पेच आहे. हेच पॉलिफेनॉल 'अँटिऑक्सिडंट' म्हणून डब्यावर ठळक अक्षरांत छापलेले असतात. ज्या गुणासाठी पावडर विकली जाते, तोच गुण तिच्यातल्या लोहाच्या आड येतो.

यावर साधे उपाय आहेत. पावडर चहा-कॉफीबरोबर घेऊ नये, कारण त्यांतले टॅनिन लोह आणखी अडवतात. लिंबासारखं आंबट, क जीवनसत्त्व असलेलं काही जोडीला असलं तर शोषण सुधारतं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलं की शेवग्याची पानं उकळल्यावर त्यांतलं उपलब्ध लोह चांगलंच वाढतं. म्हणजे शिजवलेला पाला लोहासाठी कच्च्या पावडरीपेक्षा सरस. शिवाय भाजी म्हणून माणूस ५० ग्रॅम पानं सहज खातो. त्यातून साडेचार ग्रॅमच्या वर प्रथिनं, नव्वदएक मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दोन मिलिग्रॅम लोह मिळतं, चमचाभर पावडरीहून पुष्कळ जास्त. हे आकडे ताज्या पानांसाठीच्या अमेरिकी तक्त्यातले आहेत. ज्यांना ताजी पानं मिळतात त्यांनी आधी डब्याची किंमत वाचवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग या पानात विशेष काय?

पोषणाचा फुगा एवढा उतरवल्यावर वाटेल की पानात काहीच राम नाही. तसं नाही. शेवग्याचं वेगळेपण कॅल्शियम-लोहापेक्षा त्याच्या तिखटपणात आहे. कच्चं कोवळं पान चावलं की जिभेला मुळ्यासारखी झणझण जाणवते. शेवगा हा मोहरी, मुळा, ब्रोकोली यांच्या गणातला आहे, आणि या सगळ्यांची स्वसंरक्षणाची युक्ती एकच आहे. पानाच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाचा पदार्थ एका कप्प्यात असतो आणि त्याला फोडणारं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्यात. पान अखंड असतं तोवर दोघांची गाठ पडत नाही. किडीने कुरतडलं किंवा आपण चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट हा झणझणीत पदार्थ तयार होतो. शेवग्यातल्या मुख्य ग्लुकोसिनोलेटचं नाव ग्लुकोमोरिंगिन, आणि त्यापासून होणारं ते मोरिंगिन.

ब्रोकोलीच्या कोंबांतल्या अशाच एका पदार्थावर, सल्फोराफेनवर, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बरंच काम झालं. तिथले जेड फाही हे शेवग्याकडेही वळले. २००५ मध्ये त्यांनी शेवग्याच्या औषधी दाव्यांचा जो आढावा घेतला, तो आजही संदर्भासाठी वापरला जातो. या पदार्थांचं काम थोडक्यात असं: ते पेशीला हलकासा धक्का देतात, आणि त्याला उत्तर म्हणून पेशी स्वतःची संरक्षक विकरं जास्त तयार करते. म्हणजे 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आपण समजतो तसं बाहेरून काही पुरवलं जात नाही, आतली यंत्रणा जागी होते. याशिवाय पानात क्वेर्सेटिन आणि क्लोरोजेनिक आम्ल ही पॉलिफेनॉल आहेत. प्रयोगशाळेत पानांचा अर्क पिष्टमय पदार्थ फोडणाऱ्या आतड्यातल्या विकरांना आवरतो, आणि जेवणानंतरची साखर हळू चढण्यामागे हे एक कारण असू शकतं.

इथे एक तिढा लक्षात घ्या. मायरोसिनेज उष्णतेने मरतं. पाला उकळला तर लोह सुटं होतं, पण झणझण जाते. कच्ची पावडर घेतली तर झणझण काही अंशी टिकते, पण लोह अडकून राहतं. दोन्ही गुण एकाच घासात पुरेपूर मिळतील असं या पानात नाही, आणि कुठल्याही डब्यावर हे छापलेलं नसतं.

माणसांवर काय दिसलं

पेशींवर आणि उंदरांवर शेवग्याने पुष्कळ काही करून दाखवलंय. साखर कमी, चरबी कमी, सूज कमी, गाठीच्या पेशी मेल्या. काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात, त्यामुळे शेवटच्या दाव्यावर जास्त शब्द खर्च करत नाही. माणसांवरचे प्रयोग मात्र मोजके आणि बहुतेक छोटे आहेत.

मधुमेहाचं पाहू. थायलंडमधला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अजून कुठलंही औषध सुरू न केलेले टाइप २ मधुमेहाचे ३२ रुग्ण घेतले होते आणि निम्म्यांना बनावट कॅप्सूल (प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत पान नसलेली) दिली होती. पानांची मात्रा भक्कम, रोज आठ ग्रॅम. चार आठवड्यांनी साखरेत म्हणावा असा फरक दिसला नाही. रक्तदाब मात्र किंचित उतरल्यासारखा वाटला. चार आठवडे हा काळ कमी आहे आणि ३२ माणसंही कमीच, हे खरं. पण 'मोरिंगाने शुगर नॉर्मल' असं छातीठोक सांगावं इतका मजबूत पुरावा नाही.

दुसऱ्या बाजूचा अभ्यास भारतातला, २०१४ मधला. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या तीन गटांपैकी एकाला तीन महिने रोज सात ग्रॅम शेवग्याची पावडर दिली, दुसऱ्याला राजगिऱ्याच्या कुळातल्या पालेभाजीची, तिसऱ्याला काहीच नाही. शेवग्याच्या गटात उपाशीपोटीची साखर सरासरी १३.५ टक्क्यांनी उतरली आणि हिमोग्लोबिन १७.७ टक्क्यांनी वाढलं. हा निकाल खूप ठिकाणी मिरवला जातो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. हिमोग्लोबिन ११ वरून १३ च्या जवळ न्यायचं तर शरीराला अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम लोह रक्तात वापरावं लागतं. रोज सात ग्रॅम पावडर, तीन महिने, म्हणजे त्या सगळ्या पावडरीत मिळून लोह १८० मिलिग्रॅमच्या आसपास. ते शंभर टक्के शोषलं गेलं तरी पुरत नाही, आणि प्रत्यक्षात दहावा हिस्सा शोषला गेला तरी खूप. तेव्हा हिमोग्लोबिन वाढलं असेल तर ते पावडरीतल्या लोहाने नव्हे. पानात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल, म्हणजे बीटा-कॅरोटीन, भरपूर असतो, आणि अ जीवनसत्त्व शरीरात साठलेलं लोह बाहेर काढायला मदत करतं. तसं काही झालं असेल. किंवा आपण अभ्यासात आहोत म्हटल्यावर बायका एकूणच नीट जेवू लागल्या असतील. तुलनेच्या गटाला बनावट पुडी दिलेली नसली की ही शंका उरतेच.

अंगावरच्या दुधासाठी शेवगा ही फिलिपिन्समधली जुनी समजूत, तिथे त्याला मलुंगाय म्हणतात. २००० मध्ये तिथेच अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना २५० मिलिग्रॅमची पानांची कॅप्सूल दिवसातून दोनदा देऊन पाहिली, तेव्हा पहिल्या काही दिवसांत त्यांचं दूध बनावट कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा जास्त भरलं. अभ्यास छोटा असला तरी मोजमाप थेट दुधाचं होतं, म्हणून मी या दाव्याला मधुमेहाच्या दाव्यापेक्षा जास्त वजन देतो. तरी बाळ वारंवार आणि नीट पाजणं याची जागा कॅप्सूल घेत नाही.

आणि कुपोषण, जिथून सगळं सुरू झालं. बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथे तीव्र कुपोषित मुलांच्या नेहमीच्या आहारात रोज दहा ग्रॅम पावडर मिसळली, तेव्हा त्यांचं वजन जास्त वेगाने वाढलं. आहारात मुळातच तूट असलेल्या लहान मुलाला दहा ग्रॅम पावडर खूप काही देऊन जाते. पोटभर, चौरस जेवणाऱ्या प्रौढाला तीच पावडर तेवढं देईल अशी अपेक्षा धरू नये. वजन कमी होणं, केस गळायचे थांबणं, त्वचा उजळणं यांबाबत नुसत्या पानांच्या पावडरीचा सांगण्यासारखा पुरावा नाही. पुढे जाऊ.

डबा हातात घेतल्यावर

कॅप्सूलमध्ये साधारण ४०० ते ५०० मिलिग्रॅम पावडर असते. वरच्या अभ्यासांतले सात-आठ ग्रॅम गाठायचे तर दिवसाला चौदा ते वीस कॅप्सूल लागतील. डब्यावर 'रोज दोन' लिहिलेलं असेल तर त्या दोनचा या अभ्यासांशी काही संबंध नाही. 'अर्क' किंवा '१०:१ एक्स्ट्रॅक्ट' हा प्रकार वेगळा: दहा भाग पानांचा एक भाग अर्क. त्यात काही घटक दाट झालेले असतात, काही गाळले गेलेले असतात. पावडरीचा हिशेब अर्काला लावू नये, आणि अर्काची मात्रा स्वतःच्या अंदाजाने वाढवू नये.

चांगली पावडर कशी ओळखायची? पानं सावलीत किंवा कमी उष्णतेवर वाळवलेली असली तर रंग हिरवा राहतो. उन्हात वाळवली तर बीटा-कॅरोटीन उडतं आणि पावडर पिवळट-तपकिरी दिसते. डबा उघडताच वास ताज्या गवतासारखा यावा, कुबट येऊ नये. ओल लागली की बुरशी धरते, म्हणून हवाबंद, अपारदर्शक डबा आणि कोरडा चमचा. घटकांच्या यादीत 'पान' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बियांच्या पावडरीचा उपयोग निराळा: तिच्यातली प्रथिनं गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवतात, आणि आफ्रिकेत पाणी निवळायला ती वापरतात. मुळं आणि साल यांत तीव्र घटक आहेत. ती पूरक आहार म्हणून खायची वस्तू नव्हे.

रंग-वासावरून कळत नाहीत त्या दोन गोष्टी म्हणजे जंतू आणि जड धातू. २०१६ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाची एक साथ आली, २३ राज्यांत ३३ जण आजारी पडले. माग काढत गेल्यावर एका शेक-पावडरीत मिसळलेली शेवग्याच्या पानांची पावडर सापडली. कारण समजण्यासारखं आहे. पानं शेतातून येतात, कमी उष्णतेवर वाळतात, दळली जातात आणि आपण ती न शिजवता पितो. मध्ये जंतू मरतील अशी पायरीच नाही, उत्पादकाने मुद्दाम निर्जंतुक केली तरच. लहान मुलं, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पावडर शिजणाऱ्या पदार्थात घालणं हा सोपा उपाय. शिसं, कॅडमियम हे जमिनीतून पानात येतात आणि शिजवून जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक बॅचची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत करून अहवाल देणारा उत्पादक निवडावा. पूरक आहार विक्रीला येण्याआधी औषधांसारखी परिणामकारकतेची परीक्षा देतो, हा समज तपासून पाहायला हवा. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने त्यांना विक्रीपूर्व मंजुरीतून मोकळं ठेवलंय. तेव्हा 'अमेरिकेत विकलं जातं' हे प्रशस्तिपत्र मानू नका.

कुणी जपून, कुणी अजिबात नको

निरोगी प्रौढाने दिवसाला एक-दोन चमचे पानांची पावडर जेवणाबरोबर घेतली तर सहसा काही बिघडत नाही. सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. एकदम जास्त घेतली तर पोट बिघडतं, जुलाब होतात, उपाशीपोटी मळमळतं.

गरोदरपणात ती पूरक म्हणून घेऊ नये. मुळं आणि साल गर्भपातासाठी वापरल्याच्या जुन्या नोंदी आहेत, आणि पानांच्या अर्कानेही उंदरांत मोठ्या मात्रेत गर्भ पडल्याचं दिसलंय. अधूनमधून शिजवलेली भाजी खाणं आणि रोज दाट पावडर किंवा अर्क घेणं यांत मात्रेचा फरक आहे, आणि इथे तोच महत्त्वाचा.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मादी उंदरांवरच्या प्रयोगात पानांच्या अर्काने थायरॉइडच्या टी-४ या संप्रेरकाचं टी-३ मध्ये होणारं रूपांतर कमी झालं होतं. शिवाय कॅल्शियम-लोह असलेलं काहीही थायरॉइडच्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतं, म्हणून एरवीही त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांवर असलेल्यांना धोका उलट्या बाजूचा: पावडरीचा थोडाफार परिणाम झालाच तर तो औषधाच्या परिणामात मिळून साखर किंवा दाब जास्त उतरू शकतो. पहिले काही आठवडे मोजणी वाढवावी, आणि पावडरीच्या भरवशावर औषधाची मात्रा स्वतःहून कमी करू नये.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांचा प्रश्न के जीवनसत्त्वाचा. हिरव्या पानांत ते भरपूर असतं आणि ते या औषधाच्या थेट विरुद्ध काम करतं. अशा माणसाने आज तीन चमचे, उद्या शून्य असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वर-खाली होतो. रोज सारखंच घ्यायचं असेल तर डॉक्टर त्याप्रमाणे औषध बसवू शकतात, पण त्यांना ते माहीत असायला हवं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना पावडरीबद्दलही सांगा. 'कुठलं औषध चालू आहे का' या प्रश्नावर माणसं पूरक आहाराचं नावच घेत नाहीत, ते औषधात मोडत नाही असं समजून. पावडर घेतल्यावर अंगावर पुरळ, ओठ-डोळ्यांवर सूज किंवा तोंडात फोड आले तर ती लगेच बंद करून दवाखाना गाठावा.

सुरू करायचीच असेल तर कशासाठी करतोय ते आधी ठरवा आणि ते मोजता येण्यासारखं असू द्या. साखरेसाठी असेल तर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तासाठी असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, कारण साठलेलं लोह तेच दाखवतं. मधल्या काळात बाकीचा आहार आणि औषधं तीच ठेवली तरच फरक कशाने पडला हे सांगता येईल. आणि तपासणीला जाताना डबा बरोबर न्या. नुसतं 'मोरिंगा घेतो' म्हटल्याने ती पावडर आहे की अर्क, दिवसाला किती ग्रॅम पोटात जाते आणि तिच्यात आणखी काय काय मिसळलंय, हे डॉक्टरांना कळत नाही.